काटा मोकळा नसताना काट्याचं सॉफ्टवेअर तपासायचं कसं: यूएसबीवरून दोन संगणकांची सिरियल जोडणी

विदर्भात दसऱ्याच्या आसपास कापूस घरात येऊ लागतो आणि दिवाळी सरली की जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, फाटकाबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन होतं, कापूस खाली होतो, रिकामी गाडी परत काट्यावर येते. दोन वजनांची वजाबाकी काटापट्टीवर छापली जाते आणि त्या आकड्यावर शेतकऱ्याच्या वर्षाचा हिशोब ठरतो. हे वजन काट्याच्या इंडिकेटरमधून, म्हणजे आकडा दाखवणाऱ्या डब्यातून, संगणकात जातं ते बहुतेक ठिकाणी अजूनही सिरियल पोर्टातूनच. सिरियल म्हणजे ० आणि १ चे बिट एका तारेवरून एकामागून एक पाठवणारी जुनी जोडणी.

अडचण अशी की ज्या दिवसांत सॉफ्टवेअर बसवायला किंवा दुरुस्त करायला माणूस येतो, नेमका त्याच दिवसांत काटा मोकळा नसतो. मुनीम सरळ सांगतो, "भाऊ, बाहेर गाड्याईची रांग लागली, तुमचं टेस्टिंग मंग करजा." त्याचंही खरं आहे. यावर जुना आणि पक्का उपाय म्हणजे एका लॅपटॉपला काट्याचं सोंग द्यायचं. तो सिरियल तारेवर वजनाचे आकडे पाठवत राहील आणि दुसऱ्या संगणकावरचं सॉफ्टवेअर ते वाचेल. फक्त आजकालच्या लॅपटॉपला सिरियल पोर्ट नसतो, असतो तो यूएसबी. तेव्हा यूएसबी असलेले दोन संगणक सिरियलने बोलते कसे करायचे, ते बघू.

आधीच सांगून टाकतो: तुम्हाला फक्त फाइली इकडून तिकडे न्यायच्या असतील तर हा खटाटोप करूच नका. पेन ड्राइव्ह, मोबाईलचा हॉटस्पॉट किंवा दोन संगणकांत सरळ लावलेली लॅन केबल, काहीही चालेल. सिरियल हळू असते. तिची गरज पडते ती काटा, पीएलसी (कारखान्यातली यंत्रं चालवणारा नियंत्रक), राउटरचा कन्सोल (त्याची सेटिंग करायचा पोर्ट), एखादं मायक्रोकंट्रोलरचं (छोट्या नियंत्रक चिपचं) बोर्ड अशा यंत्रांसाठी, ज्यांना दुसरी भाषा येतच नाही.

सरळ केबल का चालत नाही

बाजारात दोन्ही टोकांना सारखीच चपटी पिन असलेली यूएसबी केबल मिळते. ती दिसली की वाटतं, एक टोक या लॅपटॉपला, दुसरं त्या लॅपटॉपला, झालं काम. तसं होत नाही, आणि ती लावूही नका.

यूएसबीचं पहिलं मानक १९९६ मध्ये आलं, तेव्हाच तिची रचना एकतर्फी ठरली. एका टोकाला होस्ट, म्हणजे संगणक, आणि दुसऱ्या टोकाला उपकरण. बोलणं सुरू करायचा अधिकार फक्त होस्टचा. तुम्ही कीबोर्डवर कळ दाबता तेव्हा कीबोर्ड ते स्वतःहून सांगत नाही. संगणकच त्याला सेकंदाला शंभराहून जास्त वेळा विचारत असतो, तेव्हा तो उत्तर देतो.

उपकरण लावलंय हे होस्टला कळतं तेही या एकतर्फीपणातूनच. यूएसबी २.० पर्यंतच्या केबलमध्ये डेटाच्या दोन तारा असतात. होस्ट आपल्या बाजूने दोन्ही तारा १५ किलोओहमच्या रेझिस्टरने शून्य व्होल्टकडे ओढून धरतो. उपकरण जोडलं की ते त्यातली एक तार १.५ किलोओहमच्या रेझिस्टरने ३.३ व्होल्टकडे खेचतं. उपकरणाची ओढ दहापट, त्यामुळे तार वर जाते आणि होस्टला कळतं की कुणीतरी आलंय. आता दोन्ही टोकांना होस्टच असले तर दोघेही तारा खालीच ओढून बसतात. दोन्हीकडचे व्याही "आधी त्यांनी उठून यावं" म्हणून आपापल्या मांडवात बसून राहिले तर लग्नाचं जे होईल, तेच या जोडणीचं होतं. दोन्ही स्क्रीनवर काहीच दिसत नाही.

नुसतं काही दिसलं नाही तर एक वेळ चालून गेलं असतं. पण त्याच केबलमध्ये ५ व्होल्टची तारही असते आणि दोन्ही संगणक तिच्यात आपापले ५ व्होल्ट सोडत असतात. एकाचे ५.१, दुसऱ्याचे ४.९ असले की प्रवाह एकाच्या पोर्टातून दुसऱ्याच्या पोर्टात शिरतो. चांगल्या मदरबोर्डवर संरक्षण असतं, स्वस्तातल्या बोर्डवर असेलच असं नाही. पोर्ट जळल्यावर ते कळून उपयोग काय?

मधे चिप बसवलेली खास यूएसबी-टू-यूएसबी केबलही मिळते. तिच्यातली चिप दोन्ही बाजूंना "मी उपकरण आहे" असं सांगते. पण ती प्रामुख्याने फाइल पाठवण्यासाठी असते आणि तिचं सॉफ्टवेअर वेगळं असतं. काट्याच्या सॉफ्टवेअरला हवा असतो कॉम पोर्ट, म्हणजे विंडोजच्या भाषेत सिरियल पोर्ट. रास्पबेरी पाय झीरोसारखं छोट्या संगणकाचं बोर्ड हाताशी असेल तर लिनक्समध्ये तेच सिरियल उपकरण बनू शकतं, कारण त्याचा यूएसबी पोर्ट होस्टही होतो आणि उपकरणही. पण दोन साध्या लॅपटॉपना हा मार्ग बंदच समजा.

दोन अडॅप्टर, तीन तारा

मग करायचं काय, तर प्रत्येक लॅपटॉपला त्याचं स्वतःचं उपकरण द्यायचं. म्हणजे एक यूएसबी-टू-सिरियल अडॅप्टर इकडे आणि एक तिकडे. प्रत्येक संगणक आपल्या अडॅप्टरचा होस्ट राहतो, यूएसबीचे नियम पाळले जातात, आणि दोन अडॅप्टरच्या मधे उरते ती साधी जुनी सिरियल. तिथे होस्ट आणि उपकरण असा भेदच नाही.

अडॅप्टर घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. दोन जातींचे अडॅप्टर मिळतात आणि दुकानदार दोघांनाही "यूएसबी टू सिरियल" म्हणूनच देतो. एकाला नऊ पिनांचं डी आकाराचं कनेक्टर असतं, तो आरएस-२३२ चा. हे मानक १९६० मध्ये आलं. त्यात १ म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट, आणि ० म्हणजे अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट. दुसऱ्या जातीला उघड्या पिना असतात आणि शेजारी टीएक्स (बोलणं), आरएक्स (ऐकणं), ग्राउंड अशी अक्षरं छापलेली असतात. तो टीटीएल पातळीचा: ० म्हणजे शून्य व्होल्ट, १ म्हणजे ३.३ किंवा ५ व्होल्ट. मायक्रोकंट्रोलरवाले हा वापरतात. एक अडॅप्टर आरएस-२३२ चा आणि दुसरा टीटीएलचा, अशी जोडी कधीही लावू नका. व्होल्टेज उलटसुलट होतं आणि टीटीएलवाली चिप जाण्याची भीती असते. काट्यासाठी दोन्ही नऊ पिनांचेच घ्या, कारण पुढे खऱ्या इंडिकेटरला तेच लागणार.

शंका आली तर मल्टिमीटर काढा. आरएस-२३२ अडॅप्टर संगणकाला लावून, काहीही पाठवत नसताना, पिन ५ वर काळी आणि पिन ३ वर लाल तार टेकवा. उणे ५ व्होल्ट किंवा त्याहून खाली आकडा दिसला पाहिजे. टीटीएल अडॅप्टरच्या टीएक्सवर अधिक ३.३ किंवा अधिक ५ दिसेल. तालुक्याच्या दुकानात "हे कोणतं आहे" या प्रश्नाला याहून भरवशाचं उत्तर मिळत नाही.

आतली चिप कोणती, हेही विचारा. एफटी२३२, सीपी२१०२, सीएच३४० आणि पीएल२३०३ या नेहमीच्या. सीएच३४० सगळ्यात स्वस्त आणि या कामाला पुरेशी. नकली चिपांचा धंदा जोरात आहे. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये एफटीडीआय कंपनीचा एक ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि त्याने नकली एफटी२३२ चिपांचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला. लोकांचे चालू अडॅप्टर एका दिवसात मुके झाले. पीएल२३०३ च्या जुन्या किंवा नकली चिपा नव्या विंडोजवर "चालू होत नाही" असा पिवळा त्रिकोण दाखवतात. तेव्हा अडॅप्टर घेतला की दुकानातच लॅपटॉपला लावून बघा. नागपूरला सीताबर्डीहून आणलेली वस्तू बदलायला परत नागपूरला जाणं परवडत नाही.

तारा फक्त तीन. नऊ पिनांच्या कनेक्टरमध्ये पिन ३ वरून बोलतात, पिन २ वर ऐकतात, पिन ५ ग्राउंड. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या ऐकण्याला जायला हवं, म्हणून इकडची ३ तिकडच्या २ ला, इकडची २ तिकडच्या ३ ला, आणि ५ ला ५. अशी उलटलेली तयार केबल नल मोडेम केबल म्हणून मिळते. दोन्ही अडॅप्टरना बाहेर आलेल्या पिना असतात, तेव्हा केबलची दोन्ही टोकं भोकांची हवीत. तशीच दिसणारी सरळ केबलही बाजारात आहे, त्यामुळे मल्टिमीटर बीपवर ठेवून एका टोकाच्या २ पासून दुसऱ्या टोकाच्या ३ पर्यंत आवाज येतो का ते बघून घ्या. टीटीएल जोडी असेल तर ५ व्होल्टची पिन जोडायची नाही. तिथेही दोन संगणकांचे ५ व्होल्ट समोरासमोर येतात.

तारेवर काय चालतं

पुढचं नीट समजलं की अर्ध्याहून जास्त बिघाड बसल्या जागी ओळखता येतात.

सिरियल तारेवर वेगळी घड्याळाची तार नसते. पाठवणारा आणि ऐकणारा, दोघांनी वेग आधीच ठरवून घ्यायचा. ९६०० बॉड म्हणजे एका सेकंदात ९६०० बिट, एका बिटाला साधारण १०४ मायक्रोसेकंद. तार निवांत असते तेव्हा तिच्यावर १ असतो. समजा वजनातला ७ हा अंक पाठवायचा आहे. संगणकासाठी ७ हे अक्षर म्हणजे ५५ हा क्रमांक, बिटांत ००११०१११. तारेवर आधी एक ० येतो, तो स्टार्ट बिट. ऐकणाऱ्याचं घड्याळ तिथून सुरू होतं. मग शेवटच्या बिटापासून उलट्या क्रमाने १, १, १, ०, १, १, ०, ०. शेवटी १, तो स्टॉप बिट. झाले दहा बिट. म्हणून ९६०० ला सेकंदाला ९६० अक्षरं जातात आणि ११५२०० ला ११,५२०. एक एमबीची फाइल ११५२०० ला दीड मिनिट घेते, ९६०० ला अठरा मिनिटं. सुरुवातीला फाइलींचं का बोललो ते कळलं असेल. काट्याला मात्र ९६०० डोक्यावरून पाणी.

प्रत्येक अक्षराला घड्याळ नव्याने जुळतं, त्यामुळे दोघांच्या वेगात थोडा फरक चालून जातो. पण ऐकणारा प्रत्येक बिट मधोमध वाचतो आणि दहाव्या बिटापर्यंत चूक साचत जाते. एकूण फरक पाच टक्क्यांच्या जवळ गेला की शेवटचा बिट चुकतो. एकीकडे ९६०० आणि दुसरीकडे ४८०० ठेवलं तर निव्वळ कचरा दिसणार. स्क्रीनवर कचरा येणं ही तशी चांगली बातमी समजा: तारा बरोबर आहेत, फक्त वेग चुकलाय. काहीच न येणं ही वाईट बातमी.

यापेक्षा फसवी एक गोष्ट आहे, पॅरिटी. संगणकांची रूढ सेटिंग म्हणजे ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. पण काही इंडिकेटर ७ डेटा बिट आणि सम पॅरिटी वापरतात. एकूण बिट दहाच, त्यामुळे वेग जुळतो आणि अर्धे आकडे बरोबरही दिसतात! सम पॅरिटीत १ ची एकूण संख्या सम व्हावी म्हणून गरज असेल तिथे आठव्या जागी १ घातला जातो. ०, ३, ५, ६ आणि ९ या अंकांच्या बिटांत १ आधीच सम आहेत, तेव्हा आठवा बिट ० राहतो आणि अंक जसाचा तसा दिसतो. १, २, ४, ७ आणि ८ मध्ये १ विषम आहेत, तिथे आठवा बिट १ होतो आणि अक्षर बिघडतं. म्हणजे ६९५० किलोची गाडी अगदी व्यवस्थित दिसेल आणि पुढची ७४२० ची आली की शेवटचं शून्य सोडून बाकी वेडीवाकडी चिन्हं. मुनीम म्हणेल, "काल तं बरोबर येत होतं, आज काऊन नाई येत?" केबलला दोष देण्याआधी कोणते अंक बिघडतात ते बघा.

संगणकावरची मांडणी

विंडोजमध्ये अडॅप्टर लावल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट्स खाली कॉम ३, कॉम ५ असा क्रमांक दिसतो. पुट्टी हा टर्मिनल प्रोग्रॅम, म्हणजे पोर्टावर टाइप करायची आणि आलेलं वाचायची खिडकी, उघडून सिरियल निवडा, तो क्रमांक आणि वेग ९६०० भरा. लिनक्समध्ये अडॅप्टर टीटीवाय-यूएसबी-० अशा नावाने दिसतो. उघडताना परवानगी नाकारली गेली तर उबुंटू किंवा डेबियनवर तुमचं नाव डायलआउट गटात घालून लॉगआउट-लॉगइन करा. तिथे पुट्टीच्या जागी पिकोकॉम किंवा मिनिकॉम, काहीही चालेल.

दोन संगणक जोडण्याआधी प्रत्येक अडॅप्टर एकटा तपासा. पिन २ आणि ३ एका छोट्या तारेने आपसात जोडा आणि टाइप करा. जे टाइप कराल ते स्क्रीनवर उमटलं पाहिजे. तार काढली की उमटायचं थांबलं पाहिजे. इथे पास झालेले दोन अडॅप्टर पुढे बोलत नसतील तर दोष मधल्या केबलमध्ये किंवा सेटिंगमध्ये.

फ्लो कंट्रोल, म्हणजे समोरच्याला "थांब" आणि "पाठव" सांगायची सोय, दोन्हीकडे "नन" करा. पुट्टी ते आपोआप एक्सऑन-एक्सऑफवर ठेवते, आणि तीन तारांच्या जोडणीत आरटीएस-सीटीएस (ज्याला परवानगीच्या वेगळ्या तारा लागतात) निवडलं तर समोरून कधीच न येणाऱ्या परवानगीची वाट बघत संगणक गप्प बसतो. तुम्ही टाइप केलेलं तुमच्याच स्क्रीनवर दिसत नाही, समोरच्या स्क्रीनवर दिसतं. यात बिघाड काही नाही, लोकल एको चालू केला की स्वतःचंही दिसेल.

एंटर दाबल्यावर समोर नवी ओळ न येता पहिल्याच ओळीवर अक्षरं चढतात, हा पुढचा गोंधळ. पुट्टी एंटरला फक्त "ओळीच्या सुरुवातीला जा" हे चिन्ह पाठवते, "खालच्या ओळीवर जा" हे नाही. काट्याची बरीच सॉफ्टवेअर दुसऱ्या चिन्हाची वाट बघत थांबतात आणि वजन कधीच दाखवत नाहीत. म्हणून सोंग घेणाऱ्या लॅपटॉपवर हाताने टाइप करण्यापेक्षा पायथनच्या चार ओळी लिहा, किंवा टेरा टर्म या दुसऱ्या टर्मिनल प्रोग्रॅममधून मजकुराची फाइल पाठवा, म्हणजे वजनापुढे-मागे नेमकी कोणती चिन्हं जातात ते तुमच्या हातात राहील. इंडिकेटरच्या पुस्तिकेत तो साचा दिलेला असतो. प्रत्येक कंपनीचा वेगळा, तेव्हा अंदाजाने लिहू नका.

चाचणीत मराठी पाठवून बघणार असाल तर लक्षात ठेवा, यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते. "नमस्कार" मध्ये हलन्त आणि काना धरून सात खुणा, म्हणजे २१ बाइट, आणि त्या प्रत्येकाचा आठवा बिट १ असतो. ७ बिटांच्या सेटिंगवर मराठी जाणारच नाही.

अर्थिंग

हा भाग पुस्तकांत एका ओळीत उरकतात, पण आपल्याकडे खरं नुकसान इथेच होतं. गावातल्या कितीतरी थ्री-पिन सॉकेटांत तिसऱ्या भोकामागे तारच नसते. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून बॉडीला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसलं की ते बॉडीला मेन्सच्या निम्म्या, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, लटकत ठेवतात. प्रवाह अगदी थोडा, म्हणून माणसाला नुसत्या मुंग्या येतात. "डब्ब्याले हात लावला का चणचण लागते" ती हीच. पण सिरियलचं ग्राउंड हे संगणकाच्या बॉडीशी जोडलेलं असतं. असा लटकता डेस्कटॉप दुसऱ्या, अर्थ केलेल्या संगणकाला जोडताना ग्राउंडच्या आधी डेटाची पिन टेकली, तर तो झटका चिपमधून जातो.

म्हणून चाचणीच्या वेळी निदान एक लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवा. डी आकाराच्या कनेक्टरचं धातूचं कवच आधी टेकतं ही त्यात जमेची बाजू. उघड्या तारा लावताना मात्र ग्राउंड सगळ्यात आधी जोडा आणि सगळ्यात शेवटी काढा. एप्रिल-मेमध्ये काळी जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि हिवाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग नावालाच उरतं. त्यात पाणी घालायची जबाबदारी कोणाची, हे जिनिंगमध्ये ठरलेलं असावं.

काट्याची खोली आणि ऑफिस लांब असेल तर यूएसबी ताणू नका, यूएसबी २.० च्या केबलला ५ मीटरची मर्यादा आहे. आरएस-२३२ साधारण १५ मीटर जातं. त्याहून लांब असेल तर दोन्ही टोकांना आरएस-४८५ चे कन्व्हर्टर लावा, ते कमी वेगावर १२०० मीटरपर्यंत जातं, आणि घेताना आयसोलेटेड, म्हणजे दोन्ही बाजूंत विजेचा थेट संबंध नसलेले, घ्या. दोन इमारतींच्या ग्राउंडमध्ये फरक असतोच, आणि पावसाळ्यात वीज जवळ पडली की तो फरक काही क्षण प्रचंड होतो.

खऱ्या काट्यावर नेताना

सगळं जुळलं की सोंग घेतलेला लॅपटॉप बाजूला करून त्याच्या जागी इंडिकेटर लावायचा. इथे नल मोडेम केबल तशीच चालेल असं गृहीत धरू नका. काही इंडिकेटर पिन २ वरच बोलतात, तिथे सरळ केबल लागते. मल्टिमीटरची तीच युक्ती वापरा: इंडिकेटरच्या ज्या पिनवर उणे व्होल्टेज दिसेल ती त्याची बोलण्याची पिन, आणि ती तुमच्या अडॅप्टरच्या २ ला गेली पाहिजे.

सीएच३४० सारख्या चिपांना बहुधा स्वतःचा वेगळा अनुक्रमांक नसतो, त्यामुळे विंडोज त्यांना यूएसबीच्या भोकावरून ओळखतं. झाडू मारताना कोणी अडॅप्टर काढून शेजारच्या भोकात लावला की कॉम ३ चा कॉम ५ होतो आणि सॉफ्टवेअर "काटा सापडत नाही" म्हणतं. त्या भोकावर रंगाचा ठिपका लावून ठेवा.

आणि एक अफलातून प्रकार: इंडिकेटर सतत वजन पाठवत असतो. अशात संगणक चालू झाला तर विंडोजला कधीकधी वाटतं की सिरियल पोर्टावर जुन्या पद्धतीचा माउस लावलाय. मग गाडी काट्यावर चढली की स्क्रीनवरचा बाण आपोआप इकडेतिकडे पळतो, खिडक्या उघडतात, बंद होतात. लोक व्हायरस समजून विंडोज नवीन टाकून घेतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या यादीत "मायक्रोसॉफ्ट सिरियल बॉलपॉइंट" नावाची नोंद शोधा आणि ती डिसेबल करा. अनइन्स्टॉल करू नका, केली तर पुढच्या वेळी ती परत येईल.